स्वीडनहून अमेरिकेला गेलेल्यांचं दफ्तर: शोधायचं कुठे, वाचायचं कसं, जपायचं कसं

शाईदौत (धागाकर्ता)

१८५० ते १९३० या काळात स्वीडनमधून सुमारे १२ लाख माणसं अमेरिकेला गेली. १८५० साली त्या देशाची लोकसंख्या जेमतेम ३५ लाख होती, म्हणजे बघा. १८६७-६९ च्या नापिकीनंतर पहिली मोठी लाट उसळली. १८८० च्या दशकात कळस झाला. एकट्या १८८७ मध्ये ४६ हजारांच्या आसपास माणसं अमेरिकेकडे निघाली. त्यांतल्या बहुतेकांचा माग आजही घरबसल्या लागतो, आणि याचं श्रेय बंदरांना नाही, खेड्यांतल्या पाद्र्यांना आहे.

१६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याला जन्म, लग्न, मृत्यू आणि गावात आलेल्या-गेलेल्यांची नोंद ठेवणं बंधनकारक केलं. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती. हा शब्द धाग्यात शंभरदा येणार आहे.) यातली सगळ्यात कामाची वही म्हणजे हूसफॉरहॉर्सलेंग्द, आपल्या भाषेत घरोघरच्या परीक्षेची वही. पाद्री दरवर्षी घरच्या मंडळींची वाचनाची आणि धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायचा आणि त्याच वहीत प्रत्येकाची जन्मतारीख, जन्माची पॅरिश, देवी टोचल्या की नाही, कुठून आला, कुठे आणि कधी गेला हेही लिहायचा. एक वही साधारण ५ ते १० वर्षं चाले. १८९५ च्या सुमारास परीक्षेचे रकाने गेले आणि तिची जागा फरसामलिंग्सबूक या वहीने घेतली. १ जुलै १९९१ ला हे काम चर्चकडून कर खात्याकडे गेलं, तोवर नोंदी चर्चच करत होतं.

माग काढायचा क्रम असा. जन्माच्या नोंदीवरून घर किंवा शेतवाडीचं नाव घ्या. त्या सालच्या परीक्षेच्या वहीत ती वाडी काढा. मग पुढच्या वह्यांत तेच कुटुंब पाहत या. ज्या ओळीवर काट मारलेली दिसेल तिथे थांबा. काट म्हणजे मेला किंवा गेला. उजवीकडच्या रकान्यात 'एन. अमेरिका' (उत्तर अमेरिका) असं लिहिलेलं असेल तर शेजारच्या तारखेवरून त्याच वर्षाची बाहेर जाणाऱ्यांची यादी, म्हणजे उटफ्लिटनिंग्सलेंग्द, उघडा आणि नोंद क्रमांक जुळवा. दोन्हीकडे जुळलं तरच नोंद पक्की समजायची.

राष्ट्रीय दफ्तरखान्याने, म्हणजे रीक्सअर्कीवेटने, या वह्यांच्या प्रतिमा १ फेब्रुवारी २०१८ पासून फुकट खुल्या केल्या आहेत. अर्कीव्ह डिजिटल ही खाजगी सेवा पैसे घेते, पण मूळ वह्यांचे नव्याने घेतलेले रंगीत फोटो देते. फिकट शाई जुन्या काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवर वाचता येत नाही तेव्हा ते पैसे वसूल होतात.

कोरा_कागद

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. एक शंका. अमेरिकेतल्या कागदांवर 'बर्ग, स्वीडन' एवढंच लिहिलेलं असेल तर सुरुवात कुठून करायची? नकाशावर डझनावारी बर्ग दिसतात.

शाईदौत

नेमकं दुखणं हेच. बर्ग नावाची पॅरिश स्मोलांड प्रांतात आहे, व्हेस्टरगोटलांडात आहे आणि यॅम्टलांडातही आहे. सांडशो म्हटलं तर नोर्रा सांडशो आणि सोड्रा सांडशो वेगळे. एक यॉनशोपिंग जिल्ह्यात, दुसरं क्रूनूबेर्य जिल्ह्यात. स्वीडनच्या वह्या पॅरिशनिहाय आहेत. नुसत्या नावावरून देशभर शोधता येईल असं काही १९ व्या शतकात नव्हतं. म्हणून पॅरिश सापडेपर्यंत स्वीडनकडे वळूच नये. आधी अमेरिकेतली बाजू पूर्ण उपसायची.

प्रेअरीतला_पाहुणा

या मुद्द्यात भर.

अमेरिकेत सगळ्यात आधी बघायचे ते स्वीडिश चर्चचे सभासदपट. लूथरन मंडळींची ऑगस्टाना सिनड (चर्चचा संघ) १८६० मध्ये स्थापन झाली आणि १९६२ मध्ये मोठ्या लूथरन चर्चमध्ये विलीन झाली. तिचे पाद्री स्वीडनमधल्या वळणानेच वह्या ठेवत. सभासदाच्या नावापुढे जन्मतारीख, जन्माची पॅरिश, अमेरिकेत कधी आला आणि कुठल्या मंडळीतून आला, हे बहुतेक वेळा स्वीडिशमध्ये आणि बरोबर स्पेलिंगने मिळतं, कारण लिहिणारा स्वतः स्वीडिश असे. जनगणनेवाल्या अमेरिकन कारकुनाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

स्वीडनमधल्या व्हेक्शोच्या स्वीडिश एमिग्रंट इन्स्टिट्यूटने (स्थापना १९६५) या अमेरिकेतल्या चर्च-वह्यांची मायक्रोफिल्म करून घेतली. त्याच फिल्म इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथे ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन सेंटरमध्ये (स्थापना १९८१) पाहता येतात. हे काम वेळेत झालं नसतं तर बरंच हातचं गेलं असतं. ग्रामीण मंडळ्या एकमेकींत विलीन होतात, काही बंद पडतात, आणि वही शेवटच्या चिटणिसाच्या घरी राहून जाते.

लूथरन वह्यांत नाव नसेल तर थांबू नका. मिशन कव्हेनंट, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा स्वीडिश मंडळ्या वेगळ्या होत्या. पण त्यांच्या वह्यांत जन्माची पॅरिश मिळेलच अशी खात्री नाही.

त्यानंतर स्वीडिश वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता. इंग्रजी पेपरात 'स्वीडनमध्ये जन्म' एवढ्यावर भागवतात, स्वीडिश पेपरात पॅरिश आणि प्रांत दोन्ही छापत. 'हेमलांडेट' १८५५ मध्ये इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला सुरू झालं. त्याच्यासह बरीच पत्रं मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर शब्दशोधासह फुकट आहेत. शेवटी थडगी. अमेरिकेतल्या दगडावर कधीकधी पॅरिश कोरलेली असते. स्वीडनमध्ये मात्र थडग्याच्या जागेचा हक्क मुदतीचा असतो, मुदत संपली की जागा दुसऱ्याला जाते. तिथे जुना दगड मिळेल यावर फार विसंबू नका. दगड वाचताना तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस यांतलं काहीही वापरायचं नाही. आरसा धरून उन्हाची तिरीप अक्षरांवर पाडा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.

चिमणराव_नव्हे

जनगणना हाही एक चांगला मार्ग आहे. फक्त १८९० ची मिळणार नाही, ती १८९७ च्या एलिस आयलंडच्या आगीत जळाली.

प्रेअरीतला_पाहुणा

दोन आगींची सरमिसळ झाली आहे. एलिस आयलंडची, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरित तपासणी केंद्राची, आग १५ जून १८९७ ची. तिच्यात कॅसल गार्डन (न्यूयॉर्कचं त्याआधीचं केंद्र) काळापासूनची स्थलांतर खात्याची दफ्तरं गेली. पण न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या याद्या कस्टम खात्याकडे स्वतंत्र जात होत्या, त्या वाचल्या. म्हणून १८२० ते १८९७ च्या याद्या आजही मिळतात. १८९० च्या जनगणनेचे तक्ते १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे गेले.

स्वीडिश लोकांच्या बाबतीत हे भगदाड नेमकं वाईट जागी पडलंय. १८८० च्या दशकात आलेला माणूस १८८० च्या जनगणनेत नसतो आणि थेट १९०० मध्ये दिसतो, मधली वीस वर्षं कोरी. तरी १९०० च्या तक्त्यात जन्माचा महिना, साल आणि अमेरिकेत आल्याचं साल आहे. त्या सालाच्या दोन वर्षं मागेपुढे बंदराच्या याद्या चाळायच्या. सांगणाऱ्याची आठवण एवढी चुकतेच.

उत्तररंग

बंदरांच्या याद्यांवर सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

गोथेनबर्ग हे मुख्य बंदर. १८६९ पासून दलालांना प्रवाशांच्या याद्या पोलिसांकडे द्याव्या लागत. त्यांत नाव, वय, राहण्याची पॅरिश किंवा जिल्हा, जायचं ठिकाण, तारीख आणि कराराचा क्रमांक असतो. संगणकावर त्यांची सूची एमिहम्न या नावाने मिळते.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. या याद्यांतलं जहाज म्हणजे अमेरिकेला गेलेलं जहाज नव्हे! रोमिओ, रोलो, ओर्लांडो, आरिओस्टो ही विल्सन लाइनची जहाजं. ती फक्त उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडात हलपर्यंत जात. तिथून माणसं आगगाडीने लिव्हरपूलला आणि मग क्युनार्ड, व्हाइट स्टार, इनमन, गुइऑन अशा कंपन्यांच्या मोठ्या जहाजावर. न्यूयॉर्कच्या यादीत 'रोलो' कितीही शोधा, मिळणार नाही. गोथेनबर्गच्या तारखेपुढे दोन ते चार आठवडे धरायचे आणि लिव्हरपूलहून आलेली सगळी जहाजं पाहायची. गोथेनबर्ग ते न्यूयॉर्क थेट सेवा स्वीडिश अमेरिकन लाइनने १९१५ मध्ये सुरू केली, त्यानंतरच्या प्रवाशांना ही भानगड नाही.

जायच्या ठिकाणावरही भरवसा ठेवू नका. 'न्यूयॉर्क' लिहिलं असेल तर तिकीट तिथवर होतं एवढाच अर्थ. 'शिकागो' असेल तर पुढच्या आगगाडीचं तिकीटही आधीच काढलेलं होतं, म्हणजे बहुधा तिकडे कोणीतरी ओळखीचं होतं आणि तिकीटही त्यानेच पाठवलेलं असू शकतं.

गोथेनबर्गला नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही, असं नाही. व्हेर्मलांड आणि यॅम्टलांडची मंडळी नॉर्वेतून, क्रिस्तियानिया (आजचं ऑस्लो) किंवा ट्रॉन्डहाइममार्गे जात. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांताचे लोक माल्मो किंवा सरळ कोपनहेगनहून. कोपनहेगन पोलिसांच्या याद्या १८६९ पासून आहेत, हॅम्बर्गच्या त्याहून जुन्या, १८५० पासून. लष्करी सेवा चुकवून निघालेले तरुण तर मुद्दाम परक्या बंदरातून जात.

कोरा_कागद

'उटफ्लिटनिंग' यादीतही नाही आणि बंदरातही नाही, असं झालं तर?

शाईदौत

मग वहीच्या शेवटची पानं बघा. रीतसर जाणारा पाद्रीकडून दाखला घेऊन जाई, त्याला फ्लिटनिंग्सअटेस्ट म्हणत. दाखला न घेता निघून गेलेल्याचा ठावठिकाणा लागेना की काही वर्षांनी पाद्री त्याचं नाव घराच्या पानावरून काढून 'ओबेफिंटलिग', म्हणजे सापडत नसलेले, या सदरात टाकी. या सदराची पानं वहीच्या अगदी शेवटी असतात आणि प्रतिमा चाळणारे बहुतेक तिथवर जात नाहीत. कधी नावापुढे पेन्सिलीने 'अमेरिकेत असावा' एवढंच लिहिलेलं असतं. तारीख मात्र जाण्याची नसून नाव काढल्याची असते, हे विसरलं की बंदराच्या याद्यांत चुकीची दहा वर्षं शोधली जातात.

दुसरं, परतलेले. गेलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा माघारी आला. अमेरिकेत १९०० ला दिसणारा आणि १९१० ला गायब झालेला माणूस मेलाच असं धरू नका. त्याच्या जुन्या पॅरिशची आत येणाऱ्यांची यादी बघा. शेजारच्या पॅरिशचीही बघा, कारण परत आलेला पैसेवाला माणूस वडिलोपार्जित खडकाळ तुकड्यावर कशाला राहील? स्वीडनमधल्या मृत्यूंची 'स्वेरियेस डॉडबूक' ही सूची वंशावळ अभ्यासकांच्या महासंघाने काढली आहे. तिच्यात जन्मतारखेवरून शोधता येतं, नाव बदललेलं असलं तरी.

मोडी_आणि_थोडी

नावांवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, तिकडे आडनावच वडिलांचं. अँडर्स निल्सनचा मुलगा कार्ल अँडर्सन, मुलगी क्रिस्टिना अँडर्सडॉटर. म्हणजे बापलेकांची आडनावं वेगळी, भावाबहिणींचीही वेगळी. लग्नानंतर बाई अँडर्सडॉटरच राहते, पण अमेरिकेत पोचली की नवऱ्याचं नाव लागतं आणि तिचा धागा तुटतो. १९०१ च्या नाव-नियमाने कायम आडनावाकडे ओढा वाढला. लाट त्याआधीची आहे, त्यामुळे जुनी पद्धत गृहीत धरूनच चाला.

सैनिकांची गोष्ट वेगळी. एका तुकडीत दहा अँडर्सन नकोत म्हणून प्रत्येकाला रास्क, मोडिग, फ्रिस्क अशी लहानशी नावं मिळत. चपळ, धीट, तंदुरुस्त असे त्यांचे अर्थ. मुलं कधी हेच नाव लावतात, कधी वडिलांच्या पहिल्या नावावरून. अमेरिकेत 'रास्क' सापडला तर सैनिकांच्या पटात जरूर डोकवा.

अमेरिकेत गेल्यावर योहान्सनचा जॉन्सन, निल्सचा नेल्स, अँडर्सचा अँड्र्यू, लार्सचा लुईस. शर्स्टिनची क्रिस्टिना होते आणि आधीच्या क्रिस्टिनाशी तिची गल्लत होते. म्हणून नावापेक्षा जन्मतारीख धरून चाला. स्वीडिश मंडळींना स्वतःची तारीख पक्की ठाऊक असे, पाद्रीने दरवर्षी वहीत पाहिलेली असायची ना!

अवांतर: मॉरिशसला गेलेल्या मराठी लोकांचा माग काढताना नेमकी उलटी अडचण येते. तिथलं दफ्तर माणूस पोचल्यावर वसाहत सरकारने तयार केलं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते आहे. माणसाचा क्रमांक, जहाज आणि पोचल्याची तारीख बहुधा मिळते, पण गावाचं नाव परक्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं. कोकणातल्या निघालेल्या गावात त्या माणसाची नोंद ठेवणारा पाद्री नव्हता. स्वीडनमध्ये निघालेल्या जागेची वही भक्कम, म्हणूनच पॅरिश कळली की दार उघडतं.

जुनी_पेटी

आता कागद जपण्याबद्दल. अमेरिकेतून घरी पाठवलेली पत्रं, स्वीडिशमध्ये 'अमेरिकाब्रेव्ह', हा या दफ्तराचा सगळ्यात हळवा भाग. १९०७ मध्ये नेमलेल्या सरकारी स्थलांतर चौकशीनेही (गुस्ताव्ह सुंडबेर्य तिचा प्रमुख) एक अख्खी पुरवणी स्थलांतरितांच्या स्वतःच्या निवेदनांना दिली. अहवाल १९१३ ला पुरा झाला. पण घरोघरची पत्रं पोटमाळ्यावर राहिली, आणि पोटमाळा ही कागदासाठी सगळ्यात वाईट जागा: उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा.

पत्रांचा गठ्ठा मिळाला की पहिली गोष्ट, क्रम मोडायचा नाही. जसा बांधलेला आहे तसा फोटो घ्या आणि मगच दोरी सोडा. पाकीट आणि पत्र वेगळं करू नका. टपालाचा शिक्का, गावाचं नाव आणि तारीख पाकिटावर असते, आत नुसतं 'प्रिय आईबाबा'. पाकिटं तिकिटांसाठी विकली गेली की पत्र कुठून आलं हे कायमचं गेलं.

पत्र उघडताना घडी कडक झाली असेल तर ओढू नका. झाकणाच्या डब्यात खाली ओलसर टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पत्र, असं काही तास ठेवलं की घडी मऊ होते. पण आधी शाई तपासा. कापसाचा बोळा अगदी थोडा ओला करून न दिसणाऱ्या कोपऱ्याला टेकवा. रंग उतरला तर हा उपाय नाही. लोह-मायफळाची तपकिरी शाई ओलाव्याने पसरते आणि कागद आणखी खाते. अक्षरांच्या जागी भोकं दिसत असतील तर ओलावा पूर्ण वर्ज्य, संवर्धकाकडे न्या.

१९ व्या शतकाच्या मध्यापर्यंतचा चिंध्यांचा कागद टिकतो. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो. म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण पत्रात ठेवू नका, त्याचं आम्ल शेजाऱ्याला लागतं. स्टेपल आणि टाचण्या काढा. आम्लरहित फोल्डर, आम्लरहित पेटी, १८ अंशांच्या आसपास तापमान, ४० ते ५० टक्के आर्द्रता. नोंद करायची ती मऊ पेन्सिलीने फोल्डरवर, पत्रावर नाही.

चिमणराव_नव्हे

लॅमिनेट केलं तर एकदाचा प्रश्न मिटेल ना?

जुनी_पेटी

कागद मिटेल! उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही आणि आम्ल आतच राहतं. पाहिजे तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, दोन कडा उघड्या ठेवून. पीव्हीसी नको, ते शाई ओढून घेतं. चिकटपट्टीही नको. जुनी पट्टी स्वतः काढायला जाऊ नका.

उत्तररंग

स्कॅनचे आकडे. पत्रांना ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके) पुरतात, छोट्या फोटोंना ६०० च्या वर जा. मूळ प्रत रंगीत टिफमध्ये, वापरायला जेपेग. ए-५ आकाराचं पान ४०० वर साधारण २३ एमबी होतं. २०० पत्रं आणि प्रत्येकाची चार पानं धरली तर ८०० प्रतिमा, १८-१९ जीबी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. पाकिटाची मागची बाजू कोरी दिसली तरी स्कॅन करा, कारण स्वीडनमध्ये पोचल्याचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो.

आणखी एक छुपा खड्डा: स्वीडिश अक्षरं. डोक्यावर कडं असलेला ए, दोन ठिपक्यांचा ए आणि दोन ठिपक्यांचा ओ ही वेगळी अक्षरं आहेत, वर्णमालेत झेडच्या नंतर येतात. सूची एच्या खाली चाळून 'नाही' म्हणू नका. शिवाय संगणकात कडंवाला ए दोन तऱ्हांनी साठवतात: एकच चिन्ह, किंवा ए आणि कडं वेगवेगळं. दिसायला सारखं, शोधात मात्र जुळत नाही. फाइलच्या नावात साधी अक्षरंच वापरा, खरं स्पेलिंग सोबतच्या तक्त्यात ठेवा.

मोडी_आणि_थोडी

तक्त्यात जुनं स्पेलिंगही तसंच राहू द्या. स्वीडनमध्ये १९०६ ला शुद्धलेखन बदललं. त्याआधी नुसत्या 'व्ही'च्या जागी 'एचव्ही', 'एफव्ही' किंवा 'एफ' लिहीत. अमेरिकेतली स्वीडिश वर्तमानपत्रं जुन्या वळणानेच पुढे कित्येक वर्षं छापली गेली. वर्तमानपत्रांत शब्द शोधताना दोन्ही रूपं घालून पाहा. फ्राक्टुर (जुन्या जर्मन वळणाच्या) टाइपातल्या जुन्या अंकांत यंत्र 'एस' आणि 'एफ' यांची अदलाबदल करतं, तेही लक्षात ठेवा.

कोरा_कागद

आणि मुलाखतींच्या जुन्या कॅसेट? पत्रांसारख्याच ठेवायच्या?

जुनी_पेटी

नाही, त्यांना घाई आहे. कागद शंभर वर्षं थांबतो, कॅसेट थांबत नाही, आणि चालवायची यंत्रंही संपत चालली आहेत. आधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची पाती मोडून टाका म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, मग चालवा. यंत्राचं हेड प्रत्येक कॅसेटआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्या कॅसेटच्या आवाजावर त्याचा कोन जुळवा, नाहीतर आवाज दबलेला येतो आणि तो दोष टेपचा वाटतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये घ्या. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात लावू नका. आणि डबीवरची चिठ्ठी फेकू नका, तिचाही फोटो घ्या. बोलणाऱ्याची पॅरिश बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते, टेपवर कोणी ती सांगत नाही.